रोज थंड, चढावर गरम: सामानाने भरलेली गाडी सहलीतच का उकळते

टपावर कॅरिअर, त्यात दोन तंबू. डिकीत स्टोव्ह, झोपायच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन डबे. आत चार माणसं. अशी भरलेली गाडी घेऊन मी तीनदा मुक्कामी सहलीला निघालो आणि तिन्ही वेळा सहल अर्धवट सोडून परतलो. दरवेळी लांब चढ, दरवेळी बोनेटखालून वाफ. आणि दरवेळी घरी आल्यावर तीच गाडी पुढचे दोन-तीन महिने सपाट रस्त्यावर अशी चालायची, की तक्रार करणाऱ्यालाच वेड्यात काढावं.

तुमची गाडीही एरवी ठीक आणि सहलीतच दगा देणारी असेल, तर पुढचं वाचा. रोजच गरम होणाऱ्या गाडीचं निदान सोपं असतं. फक्त सुट्टीत गरम होणारी गाडी पकडणं अवघड.

पहिल्या वेळी मी बहुतेक जण करतात तेच केलं. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो, बोनेट उघडलं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, प्लास्टिकची बाटली दोन खुणांच्या मध्ये भरलेली होती, त्यामुळे आधी गोंधळलो. मग गार झालेल्या रेडिएटरचं झाकण काढलं तर आत पातळी कुठे दिसेचना. प्यायच्या पाण्यातलं सुमारे दीड लिटर त्यात गेलं. उताराने परत फिरलो, तापमानाचा काटा जागेवर आला, मी विसरलो. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही त्या दिवशी समोर आलेली सगळ्यात मोठी खूण होती. ती वाचता यायला मला आणखी दोन सहली लागल्या.

दुसऱ्या सहलीला पहाटे निघालो. थंड हवा, एसी बंद. चढ सहज चढली, एक रात्र तंबूत झोपलोही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसी लावून पुढच्या मुक्कामाकडे निघालो आणि पुन्हा तेच. मेहुणा मागच्या सीटवरून म्हणाला, "दाजी, गाडीला तुमचा तंबू आवडत नसावा." त्याचं बोलणं किती बरोबर होतं ते पुढे कळेल.

परतल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बदलला. तिसऱ्या सहलीआधी कूलंट फिरवणारा वॉटर पंपही बदलून घेतला. तिसऱ्या सहलीला गाडी टोइंगच्या ट्रकवर आणि आम्ही चौघं त्या ट्रकच्या केबिनमध्ये.

गॅरेजवाल्याला दोष देत नाही. त्याने दोन्ही वेळा गाडी चालवून पाहिली होती. पण कशी? रिकामी, सपाट रस्त्यावर, सकाळी, एकट्याने. त्या परीक्षेत ती नापास होणं शक्यच नव्हतं.

चढावर नेमकं काय वेगळं होतं

इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये उष्णता म्हणून जातो. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना इंजिनाला फारसं जोर लावावा लागत नाही आणि समोरून वारा फुकट मिळतो. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने चढवताना बरोबर उलट: उष्णता कितीतरी जास्त, वारा जवळजवळ नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढे बसलेला कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आपली उष्णता त्याच हवेत सोडतो, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. अर्धा बंद झालेला रेडिएटर वर्षातले साडेतीनशे दिवस पुरून उरतो तो याचमुळे. उरलेल्या पंधरा दिवसांत तुम्ही सहलीला गेलेले असता.

दुसरी बाजू उकळण्याची. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं. दर ३०० मीटर उंचीला हा आकडा साधारण १ अंशाने खाली येतो. निम्मं ग्लायकोल (कूलंटमधला मूळ द्रव) आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. पण गाडीची कूलंटची व्यवस्था उघडी नसते. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब बारमध्ये. एवढा दाब टिकला तर तेच मिश्रण १२५ अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून निरोगी गाडी चढावर १०५ अंशांना पोचली तरी काही बिघडत नाही, आणि झाकण गळकं असेल तर तेच १०५ अंश तुम्हाला रस्त्याकडेला बसवतात.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. तापमान का चढतंय, हा एक. उकळण्याची हद्द खाली का आली, हा दुसरा. मी दोन वर्षं फक्त पहिलाच विचारत राहिलो.

काट्यावर विश्वास ठेवू नका

बऱ्याच गाड्यांमध्ये तापमानाचा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट ७५ अंशांना असो की १०५, काटा मधोमधच. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून. तो हलतो तेव्हा वेळ गेलेली असते. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दिवा.

तिसऱ्या फजितीनंतर मी ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या, खोबणीत बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर घेतला आणि फोनवर कूलंटचा खरा आकडा बघायला लागलो. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा खर्च हाच. मग मुद्दाम सहलीसारखीच परीक्षा घेतली. पाण्याचे डबे भरून डिकीत, टपावर कॅरिअर, आत तीन माणसं, दुपारची वेळ, एसी पूर्ण आणि ओळखीचा लांब चढ. सपाटीवर ९१ ते ९३. चढ लागल्यावर पाचव्या मिनिटाला १००, आठव्या मिनिटाला १०६. तेवढ्यात कूलंटच्या बाटलीतून गुडगुड आवाज यायला लागला. काटा अजूनही मधोमध! थांबलो, एसी बंद केला, दोन-तीन मिनिटांत आकडा शंभराखाली.

ही परीक्षा करायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा. आकडा बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. आणि मनाशी ठरवलेल्या आकड्याला, समजा १०६ ला, थांबायचंच. "बघू अजून किती चढतो" या हौसेत हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जातं.

कधी तापते ते आधी नीट आठवा

गॅरेजला जाण्याआधी कागदावर लिहून न्या. रहदारीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर संशय पंख्यावर: रिले, फ्यूज, मोटर किंवा सेन्सर. उलट, रहदारीत ठीक पण वेगात किंवा चढावर तापते, तर कूलंटचं वाहणं किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते आहे. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच सगळीकडे तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल किंवा कूलंटच नसेल.

पंखा तपासणं घरच्या घरी होतं. इंजिन सुरू करून एसी लावला की पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. पण बऱ्याच पंख्यांना दोन वेग असतात आणि त्यातला एकच बंद पडलेला असू शकतो. त्यामुळे नुसता फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका. उभ्या गाडीत तापमान वाढू द्या आणि दुसरा वेग लागल्याचा आवाज ऐका.

थर्मोस्टॅट हा गॅरेजचा आवडता संशयित. मेणाच्या गोळीवर चालणारा हा छोटा व्हॉल्व्ह साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट चढावरच त्रास देतो, त्यामुळे माझ्या गॅरेजचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र "काढूनच टाकू, कटकट नको" असं कोणी म्हटलं तर हात जोडा आणि गाडी घेऊन निघा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते, गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं आणि आजार वाढतो.

हेड गॅस्केटची शंका मात्र आधीच फेडून घ्यावी, कारण ते गेलं असेल तर बाकीचं सगळं निरर्थक. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून एक चाचणी करतात. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रव पिवळा पडतो. बाटलीतली गुडगुड ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, म्हणून ही चाचणी सर्वांत आधी करवली. निळा तो निळाच राहिला.

सापडलं ते

झाकण. दाब तपासायच्या पंपावर लावलं, १.१ छापलेल्या झाकणाने ०.३ बारलाच श्वास सोडला. आतलं रबर कडक होऊन चिरलं होतं. या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक जास्तीचा दाब बाटलीकडे सोडतो, दुसरा इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. रबर खराब असेल तर गार होताना कूलंटऐवजी हवा ओढली जाते. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा! पहिल्याच दिवशी दिसलेली खूण ती हीच. म्हणून पातळी बाटलीत बघून समाधान मानू नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी झाकण काढून रेडिएटरमध्ये बघा. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतंच, बाटलीच दाबाची असते आणि तिचं झाकण हेच काम करतं. तिथे हा फसवा प्रकार होत नाही, पण झाकण तिथेही म्हातारं होतंच.

मिश्रण. हा प्रताप माझा स्वतःचा. साधारण सहा लिटरच्या व्यवस्थेत मी दरवेळी दीडेक लिटर साधं पाणी घालत आलो होतो. निम्म्यावरून सुरू झालेलं ग्लायकोल मोजलं तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास उरलं होतं. दीड हजार मीटर उंची, एवढं पातळ कूलंट आणि ०.३ बारचं झाकण: हिशेब केला तर उकळण्याची हद्द १०६ अंशांच्या जवळ येते. परीक्षेत गुडगुड सुरू झाली तो आकडा आठवा. मी प्रत्येक वेळी "दुरुस्त" करून पुढच्या वेळची सोय करून ठेवत होतो.

तरीही तापमान १०६ पर्यंत जातंच का, हा पहिला प्रश्न उरत होता. त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळालं आणि ते बघून मेहुण्याला फोन लावला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ, इंजिनाकडून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ. मधल्या फटीत मात्र गवताचं कुसळ, उडणारं बी, धूळ आणि किडे यांची वाकळ जमली होती, खालच्या निम्म्या भागात तर जाडजूड. एका बाजूने टॉर्च मारला तर दुसऱ्या बाजूला उजेड येईना. हे कुसळ आलं कुठून? मुक्कामाच्या जागेपर्यंत कमरेएवढ्या वाळक्या गवतातून आपण गाडी घालतो, तिथून. पंखा ते सगळं आत ओढून घेतो. म्हणजे खरोखर तंबूनेच घात केला होता.

(जाता जाता: वाळक्या गवतावर गाडी उभी करायचीही नाही. खालचा एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एवढे तापलेले असतात की गवत पेटू शकतं. तापण्यापेक्षा ते फार वाईट.)

दुरुस्ती

रेडिएटरच्या वरचे ब्रॅकेट सोडवून तो थोडा मागे झुकवला आणि फट उघडी केली. कंडेन्सरच्या नळ्या सोडायच्या नाहीत, त्यात एसीचा गॅस असतो. आधी मऊ ब्रशने मोठा गाळ काढला, मग साध्या पाइपच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूला धुतलं. घाण पुढून आत आलेली असते, तिला आल्या वाटेनेच बाहेर काढायचं. प्रेशर वॉशर लांब ठेवा, त्याच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पत्र्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच अडते.

झाकण त्याच आकड्याचं नवीन घेतलं. जास्त दाबाचं घेतलं तर आणखी बरं, असा मोह होतो, पण जुन्या होज पाइपना आणि रेडिएटरच्या सांध्यांना तो दाब झेपेलच असं नाही. कूलंट पूर्ण काढून, आतून धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करून भरलं. कूलंटचा रंग बघून प्रकार ठरवू नका. वेगवेगळे प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो आणि रेडिएटर आतूनही बुजतो.

भरल्यावर आत अडकलेली हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड थोडं वर असेल अशी उभी करायची, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करायचं, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहायचं. मग झाकण लावून एक फेरी आणि गार झाल्यावर पुन्हा पातळी.

त्याच चढावर, तेवढंच वजन, दुपार आणि एसी घेऊन पुन्हा गेलो. सर्वात वरचा आकडा ९८. थर्मोस्टॅट आणि पंप बहुधा उगाचच बदलले.

रस्त्यात झालंच तर

आकडा चढायला लागला की सर्वांत आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण गरम आणि त्याचा पंखा पूर्ण. उकाड्यात जीव नकोसा होतो, पण हीटर हा एक छोटा जास्तीचा रेडिएटरच आहे. गिअर एकाने खाली घ्या; वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडवलं की ते जास्त तापतं आणि वॉटर पंपही हळू फिरतो. एवढ्यावर आकडा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबा. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून पंख्याला काम करू द्या. वाफ असेल तर मात्र ताबडतोब बंद.

एक लक्षण लोक हमखास उलटं वाचतात. तापलेला काटा अचानक धपकन खाली आला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर गाडी थंड झालेली नाही. कूलंट संपलं आहे आणि सेन्सर कोरडा पडला आहे. त्याच क्षणी इंजिन बंद.

झाकणाला किमान पाऊण तास हात लावायचा नाही. वरचा होज पाइप फडक्याने दाबून बघा. कडक लागला तर आत दाब आहे, अजून थांबा. मऊ लागला की जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मगच काढा. कोरड्या पडलेल्या तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून घाईने काहीच ओतू नका. अडचणीत साधं पाणी घालायला हरकत नाही. मी घातलं यात चूक नव्हती, नंतर ते बदललं नाही यात होती.

पुढे जायचं की सहल सोडायची? पाणी भरल्यावर पातळी टिकली आणि पुढे उतार किंवा सपाटी असेल, तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पण डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबेना किंवा भरलेलं पाणी खालून सरळ वाहून गेलं, तर किल्ली खिशात टाका आणि टोइंगला फोन करा. तिसऱ्या वेळी मला "अजून आठच किलोमीटर" असं वाटत होतं. ट्रक बोलावला म्हणून हेड वाचलं.

आता सामानात जुनं नाही, नवीनच एक जास्तीचं झाकण असतं, पाच लिटर तयार मिश्रण, दोन होज क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, रबरी चिकटपट्टी, हातमोजे आणि टॉर्च. चौथ्या सहलीला तिन्ही रात्री तंबूत झोपलो. गाडी गवताच्या अलीकडेच उभी केली आणि सामान शेवटचे दोनशे मीटर डोक्यावर नेलं. मेहुणा अजून त्यावरून बोलतो. घरी परतल्यावर टॉर्च घेऊन त्या फटीत डोकावलो. चार-पाच कुसळं होती, चिमट्याने काढली.